वाचले, समजले

कागल, ८ ऑगस्ट २०२४

पिराजी,

हे पत्र क्रांती तुला वाचून दाखवणार, हे धरूनच लिहितोय. पोरी, सावकाश वाच. माझं अक्षर तुला नवीन आहे. तुझ्या बाबाचे रजेचे अर्ज चोवीस वर्षं मीच लिहिले, पण ते घरी कधी आले नाहीत.

फोन तू उचलत नाहीस. आवाज भरून पाठवलेले निरोपही ऐकलेले दिसत नाहीत. पत्र आलं की घरात कुणीतरी फोडतंच, म्हणून पत्र.

पाय कसा आहे? ड्रेसिंगला गडहिंग्लजला जावं लागतं असं क्रेनवरचा मुनव्वर सांगत होता. वहिनींचे हाल होत असतील. दवाखान्यात यायचं माझं राहून गेलं. टाइम ऑफिसात दोघं रजेवर होते आणि सगळं माझ्या एकट्यावर होतं. यायला पाहिजे होतं.

फाउंड्रीत तुझ्या जागेवर आता दोन माणसं लावलीत. दोघांना मिळून धातूचा रंग कळत नाही. तू भट्टीत डोकावून "अजून पाच मिन्टं" म्हणायचास आणि ताप मोजणाऱ्या यंत्राचा आकडा तुझ्यामागनं यायचा. परवा मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पिराजी असता तर ही वेळ आली नसती." मी खाली बघत उभा होतो.

ॲपचं काम चालूच आहे. क्रांती, तुला कळावं म्हणून सांगतो. एप्रिलमध्ये पुण्याच्या मुख्य ऑफिसनं ठरवलं की हजेरी, रजा, पगारपत्रक, कँटीन, सुरक्षेच्या सूचना, सगळं कामगारांच्या मोबाइलवर. कागद बंद. आमच्या एचआरच्या अनुजा मॅडमनी मला 'ॲप-मित्र' केलं. गळ्यात निळी पट्टी घालून मी चहाच्या सुट्टीत माणसांना शिकवत फिरायचो. पहिल्या आठवड्यात एकानं चुकून महिनाभराची रजा टाकली. भट्टीवरच्या माणसांचा चेहरा काजळीमुळं कॅमेऱ्याला ओळखू यायचा नाही, तेव्हा आधी तोंड धुवायचं आणि मग हजेरी. कंपनी आपल्याला घरीसुद्धा बघती म्हणून कितीजण फोन डब्याच्या पिशवीत गुंडाळून ठेवायचे. वाईटच होतं असं नाही. रजा मागायला सुपरवायझरच्या मागं मागं फिरणं संपलं, हे तर तूसुद्धा म्हणाला होतास.

अपघाताच्या चौकशीत तू जे बोललास ते बोललास. मी काय बोलणार होतो? मी नोंदीची वही घेऊन नुसता बसलेलो. मॅडमच्या कानावर घातलंय की माणूस जुना आहे, सांभाळून घ्या. निलंबनाचा निकाल सप्टेंबरअखेर लागेल असं दिसतंय. तुझी तेवढी एकच चूक आहे, हे ते बघतीलच.

औषधं वेळेवर घे. वहिनींना नमस्कार सांग.

सयाजी

कागल, २७ ऑगस्ट २०२४

पिराजी,

परवा क्रांतीचा फोन आला. तू सांगितलंस म्हणून नाही, तिनं स्वतःच केला. म्हणाली, "काका, बाबानं पत्र सगळं ऐकलं. मग उठून मागं परड्यात गेला. जाताना एवढंच म्हणाला, सयाजीनं अजून लिवलं न्हाय."

तिला वाटलं, तू आणखी एखाद्या पत्राची वाट बघतोयस. मला कळलं तू काय म्हणालास ते.

क्रांती, आता मी जे लिहितोय ते मधे न थांबता वाच. तुला राग येईल. आला तरी शेवटपर्यंत वाच.

तुझ्या बाबाला वाचता येत नाही, हे घरात तुम्हाला माहीत आहे. कंपनीत फक्त मला माहीत होतं. सही तो करतो, पण ती चित्र काढल्यासारखी. आमच्यात यावर कधी बोलणं झालं नाही. तो यायचा, म्हणायचा, "चष्मा घरी ऱ्हायला, तेवढं लिव की." त्याला चष्मा कधी नव्हताच. मी लिहायचो. त्याला लाज वाटू नये, एवढंच मनात असायचं.

ॲप आल्यावर गेटजवळ मोठा पडदा लागला. प्रत्येक खात्यात किती माणसं ॲपवर आली त्याची टक्केवारी त्यावर यायची, राहिलेल्यांची नावं लाल अक्षरांत. भट्टी खात्यात एकसष्ट माणसं, साठ आली, तुझं एक नाव लाल. रोज येता-जाता सगळे ते लाल नाव बघायचे. मग तू क्रांतीचा जुना फोन आणलास आणि माझ्या टेबलावर ठेवलास. "तूच काय ते कर," म्हणालास. मी खातं उघडलं, तुझा आकडी पासवर्ड मीच ठरवला. संध्याकाळी पडद्यावर शंभर टक्के आले, मॅडमनी पेढे वाटले, मला पुढं बोलावून टाळ्या वाजवल्या. तूसुद्धा वाजवल्यास.

सकाळी भट्टीवर जाण्याआधी सगळ्यांचे फोन टाइम ऑफिसच्या कप्प्यात ठेवावे लागतात. त्याआधी सुरक्षेची सूचना उघडून खालचं बटण दाबायचं. 'वाचले, समजले.' तू फोन माझ्याकडं द्यायचास, मी सूचना वाचायचो, तुला हळूच सांगायचो आणि बटण दाबायचो. असं दोन महिने चाललं.

अकरा जुलैला मी तुला काही सांगितलं नाही.

त्या दिवशी रांग मोठी होती. सव्वासातच्या आत सगळ्यांची बटणं दाबून झाली पाहिजेत, असा पुण्याचा नवा नियम होता. पडद्यावर भट्टी खातं मागं दिसत होतं. तू फोन दिलास आणि विचारलंस, "काय हाय आज?" मी म्हणालो, "काय न्हाय, नेहमीचंच. जा तू." मी ती सूचना वाचलीसुद्धा नव्हती. तुझा धरून नऊ जणांनी घाईत माझ्याकडं टाकलेले फोन समोर होते. नऊच्या नऊ बटणं दाबली.

सूचना होती: दोन नंबर भट्टीजवळची वाट बंद. खालचा पाइप फुटून फरशी ओली झाली आहे. वितळलेला धातू पाण्यावर पडल्यास उडेल.

पूर्वी असलं काही असलं की सुपरवायझर ओरडून सांगायचा आणि फळ्यावर खडूनं लिहायचा. ॲप आल्यावर फळा काढला, ओरडणं थांबलं. सगळ्यांनी वाचलंय, असं ॲपच सांगत होतं ना. आडवी बांधलेली दोरी ट्रॉली नेताना कुणीतरी सोडलेली. तू रोजच्या वाटेनं गेलास.

आणि चौकशीत मॅडमनी कागद पुढं ठेवला. पिराजी, सात वाजून बारा मिनिटं, वाचले, समजले. "तुम्ही सूचना वाचली होती का?" त्यांनी विचारलं. तू काठीवर हात ठेवून बसला होतास. तू माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही, पण बघितलंस. मी वहीत बघत होतो. मग तू म्हणालास, "व्हय, वाचली हुती. ध्यानात ऱ्हायली न्हाय."

त्यावर मी तुला पहिल्या पत्रात 'तुझी एकच चूक' असं लिहिलं. हे लिहायला माझा हात कसा धजावला, मला कळत नाही.

दवाखान्यात यायला वेळ नव्हता हेही खोटं. दोनदा दवाखान्याच्या गेटपर्यंत आलो आणि परत गेलो.

तू ते का बोललास? वाचता येत नाही हे बाहेर पडू नये म्हणून, की मला वाचवायला? मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करतो. पहिलं असलं तर मी तुझ्या लाजेमागं लपलो. दुसरं असलं तर तुझ्या मैत्रीमागं.

माझी नोकरी आठ वर्षं उरलीय. भीती वाटते. पण उद्या मॅडमकडं जातोय.

सयाजी

कागल, १९ सप्टेंबर २०२४

पिराजी,

लिहायला उशीर झाला. उद्या म्हणालो होतो, प्रत्यक्षात चार दिवस लागले. रोज मॅडमच्या केबिनपर्यंत जायचो आणि दुसरंच काहीतरी विचारून परत यायचो. पाचव्या दिवशी दार लोटलं आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर बोललोच नसतो.

मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि अकरा जुलैची यादी काढली. बोट ठेवत एकेक ओळ बघितली. मग स्क्रीन माझ्याकडं फिरवली. भट्टी खात्यातल्या अडतीस जणांनी ती सूचना उघडून दोन-दोन सेकंदांत बटण दाबलं होतं.

"सयाजीराव, ही सूचना मोठ्यानं वाचायलाच पंधरा सेकंद लागतात," त्या म्हणाल्या. "दोन सेकंदांत अडतीस माणसं रांगेत उभी राहून वाचतात कशी, हे मीच विचारायला पाहिजे होतं. मी हा आकडा पुण्याला पाठवला. त्यांनी माझं कौतुक केलं."

मी म्हणालो, "मॅडम, दाबणारा मी होतो."

"तुमचं तुम्हाला मिळेल," त्या म्हणाल्या. "माझं मला घेऊ द्या."

तुला वाचता येत नाही हे मी तुझ्या परवानगीशिवाय सांगितलं, हे तुला आवडणार नाही. दुसरा मार्ग दिसला नाही. शिव्या द्यायच्या असतील तर दे.

गणपती बसायच्या आधी मंगळवारी पाळी बदलताना कँटीनमध्ये सगळ्या भट्टी खात्याला बसवलं. मॅडम म्हणाल्या, "ज्यांना सूचना वाचायला अडचण येते त्यांनी नाव द्या, काही कारवाई होणार नाही." कोण देणार? एकजण म्हणाला, "न्हाय मॅडम, सगळ्यांस्नी येतंय की." मागनं कुणीतरी हसलं.

मी उभा राहिलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. पिराजीची सूचना मी दाबली, न वाचता दाबली, त्याला 'नेहमीचंच' म्हणून पाठवलं आणि चौकशीत गप्प बसलो, एवढं बोललो. कुणीतरी आईवरून शिवी दिली. दिलीच पाहिजे होती.

मग मुनव्वर उठला. क्रेनवरचा मुनव्वर, जो वीस वर्षांत चार वाक्यांपेक्षा जास्त बोललेला मी ऐकलेला नाही. म्हणाला, "त्या दिवशी मी वरनं बघतोय, ह्यो गडी वल्या फरशीवर निघालाय. तवर माझ्या बादलीतला वितळलेला माल कललेला. मी हॉर्न मारला, त्यो थांबला, म्हणून माल पाण्यावर उडाला तवा नुसता पाय भाजला, न्हायतर माणूसच गेला असता. पर ती सूचना मीबी वाचली नव्हती. फरशी वली हाय हे मला वर बसल्यावर दिसलं. मी उर्दू शाळंत तिसरीपर्यंत गेलतो. मराठी अक्षर मला लागत न्हाय. हिरवं बटण दिसलं की दाबतोय."

त्याच्यानंतर हात वर आले. भराभर नाही. एक, मग जरा थांबून दुसरा. जे कारखान्यात एकमेकांना पाण्यात बघतात तेसुद्धा शेजारी शेजारी हात वर करून बसलेले. सतरा झाले. त्यातल्या पाच जणांना वाचता येत होतं, पण जवळचं दिसत नव्हतं. त्यांना चष्मेच हवे होते. दोघे ओडिशाचे, त्यांना मराठी येत नाही आणि हिंदी वाचता येत नाही. मी गळ्यात पट्टी घालून या सतरा जणांना 'शिकवलं' होतं. सगळ्यांनी मान हलवली होती आणि मी पुढच्या टेबलाकडं गेलो होतो.

मॅडमनी एकेकाचं नाव स्वतः लिहून घेतलं. लिहिताना त्यांचे डोळे भरलेले, पण आवाज तसाच कडक.

आता सूचना फोनवर आवाजात येते. ती पूर्ण ऐकल्याशिवाय बटण उघडत नाही. आवाज कुठल्याशा यंत्रातल्या बाईचा आहे. ती "भट्टी क्रमांक दोन" असं म्हणते की जणू लग्नाचं आमंत्रण देतेय. माणसं हसतात, पण ऐकतात. शिवाय सुपरवायझरनं पाळीच्या सुरुवातीला ओरडून सांगायचं, हे परत चालू झालंय. फळाही लागला. पडदा उतरवावा असं मॅडमनी पुण्याला लिहिलंय, त्यांचं अजून उत्तर नाही. तो चालूच आहे.

माझी पट्टी काढून घेतली. टाइम ऑफिसातून मला स्टोअरला हलवलंय आणि फाइलीत ताकीदपत्र लागलंय. नोकरी राहिली. ती राहिली म्हणून बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटली.

तुझ्यावरची कारवाई मागं घ्यायचं ठरलंय. त्यासाठी तुला एकदा येऊन तुझं म्हणणं नव्यानं सांगावं लागेल. मॅडम तुला स्वतः फोन करतील. तो तरी उचल. मी त्या खोलीत नसेन.

सयाजी

कागल, १५ ऑक्टोबर २०२४

पिराजी,

तू दहा तारखेला येऊन गेलास. तुझ्यात आणि मॅडममध्ये काय बोलणं झालं, ते मी विचारलं नव्हतं. त्यांनीच स्टोअरच्या खिडकीशी येऊन सांगितलं. म्हणाल्या, "मी त्यांना विचारलं, वाचता येत नाही हे कागदावर घेऊ का, की नुसतं 'सूचना पोचली नाही' असं लिहू? तर म्हणाले, लिवा. खरं हाय ते. आजपातूर लपवलं तेवढं बास झालं."

नव्या वर्षापासून भट्टीवर येणाऱ्या नवीन माणसांना तू धातूचा रंग शिकवायचा, उभं राहायचं काम नाही, असं त्यांनी सुचवलंय, हेही सांगितलं. तू 'बघू' म्हणालास म्हणे. मी त्यावर काही बोलणार नाही. तुझ्या पायाला काय झेपतं ते तुला माहीत.

मला तुझ्याशी त्यानंतरचं बोलायचंय. तू गेटकडं न जाता उलटा वळून स्टोअरकडं आलास. क्रांती मागं थांबली. मी नटबोल्टची पेटी मोजत होतो, मान वर केली तर तू खिडकीत. मला बसायला सांगायचंही सुचलं नाही. तू बाकड्यावर टेकलास, चप्पल काढलीस, मोजा काढलास आणि पाय पुढं केलास.

"बघ," म्हणालास. "तू न्हाय बघितलास अजून."

मी बघितला. टाचेपासून करंगळीपर्यंत कातडी ताणून शिवल्यासारखी झालीय, चकचकीत, मध्येच गुलाबी. दोन बोटं एकमेकांना चिकटलीत. मला नजर काढून घ्यायची होती. तू काढू दिली नाहीस. मी बघेपर्यंत तू पाय तसाच धरलास.

मग मोजा चढवत म्हणालास, "आता लोकांस्नी सांगशील तवा नीट सांग. नुसतं पाय भाजला म्हणू नगंस." आणि काठी टेकत निघून गेलास. पोरगी तुझ्या मागनं.

चार पानं भरून लिहिणारा माणूस मी, आणि तू समोर बसलास तर मुका. तुझ्यामागं धावत यावं असं वाटलं. पण आलो नाही.

तू मला माफ केलंस असं मी धरत नाही. तू तसं म्हणालाही नाहीस. पण गेटकडं सरळ वाट असताना तू वळून आलास, दुखऱ्या पायानं एवढं अंतर जास्तीचं चाललास. पाच दिवस मी एवढंच धरून बसलोय.

दसऱ्याला भट्टीची पूजा झाली. नारळ फोडायला मुनव्वरला पुढं केलं. तो नको नको म्हणत होता, माणसांनी ढकललंच. फोडताना म्हणाला, "ह्यो पिराजीच्या नावाचा." ओडिशाच्या पोरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

सोमवारी सुट्टी आहे. सकाळच्या एसटीनं गडहिंग्लजला उतरून तिथनं तुझ्या गावी नेसरीला येतोय. जे पत्रात लिहिलं ते तुझ्यासमोर तोंडानं बोलायचंय, वहिनींसमोरही. त्यांचा नवरा मी भाजला, हे त्यांना माझ्याकडून ऐकायला मिळालं पाहिजे.

क्रांती, इथवर वाचून झालं की बाबाच्या तोंडाकडं बघ. नको म्हणाला, नुसती मान हलवली तरी, मला फोन कर. मी गाडीत बसणार नाही आणि वाईटही वाटून घेणार नाही.

रविवार संध्याकाळपर्यंत तुझा फोन आला नाही, तर मी निघतो.

सयाजी